दासी मालविका आणि आमचे वत्सगुल्म

फराळाच्या ताटात चकली नसली आणि दिवाळीच्या अंकात प्रेमकथा नसली, तर घरातील मंडळींना काहीतरी चुकल्यासारखे वाटते. त्यातही नायक थोरल्या वाड्यातला, नायिका मागल्या दारची, मध्ये एखादी डोळ्यांत तेल घालून बसलेली वडीलधारी बाई आणि एखादा आगाऊ मित्र असा सरंजाम असेल, तर आजोबांपासून नातीपर्यंत सारे अंकासाठी पाळी लावून बसतात. इंग्रजी वाचणाऱ्यांत अशा कथांचा एक स्वतंत्र पंथच आहे. त्यांना ‘रिजन्सी’ कथा म्हणतात. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झाला, तेव्हा १८११ पासून १८२० पर्यंत त्याच्या मुलाने रिजंट म्हणून, म्हणजे राजाच्या वतीने, कारभार केला. त्या नऊ वर्षांतील नाच, मेजवान्या, घोडागाड्या आणि उमरावांची लग्ने यांवर पुढे कादंबऱ्यांचा पाऊस पडला. जॉर्जेट हेयर या बाईने १९३५ साली ‘रिजन्सी बक’ लिहिली आणि त्या पंथाला जणू रीतसर दीक्षाच दिली.

त्या काळात प्रत्यक्ष जगून लिहिणारी लेखिका म्हणजे जेन ऑस्टेन. तिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ ची. गंमत अशी की रिजंट महाशय तिच्या कादंबऱ्यांचे चाहते होते आणि तिला मात्र ते गृहस्थ मुळीच आवडत नसत. तरीही ‘एमा’ ही कादंबरी त्यांना अर्पण करण्याची परवानगी तिला ‘मिळाली’. दरबारची परवानगी म्हणजे काय असते हे ज्याला कळते, त्याला ती नाकारता येत नाही हेही कळते. पुढे रिजंटच्या ग्रंथपालाने तिला सुचविले, की आता एखाद्या राजघराण्यावर भारदस्त प्रेमकथा लिहावी. बाईंनी कळविले, की हसण्याला बंदी घालून असे काही लिहिण्याची वेळ आली, तर पहिले प्रकरण संपण्यापूर्वीच आपल्याला फाशी होईल.

राजवाड्यातील प्रेमाविषयी हसल्याशिवाय लिहिता येत नाही, ही गोष्ट आपल्याकडे कालिदासाने तिच्या सुमारे चौदाशे वर्षे आधी ओळखली होती. आणि त्याने ज्या मुलीवर हे हसरे नाटक रचले, ती मुलगी आपल्या विदर्भाची.

पण तेथे पोहोचण्यापूर्वी वाटेत एका ठिकाणी थांबले पाहिजे. इंग्लंडात रिजंट नाचत होता, तेव्हा आपल्या वऱ्हाड-नागपुरात काय चालले होते? १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला आणि तो निजामाकडे गेला. आमचे वाशिम त्यातच. नदीच्या पलीकडे भोसल्यांचे राज्य उरले. १८१६ साली दुसरे रघूजी वारले. गादीवर आलेले परसोजी शरीराने व मनाने अधू होते, म्हणून त्यांचे चुलतभाऊ अप्पासाहेब कारभार पाहू लागले. अगदी इंग्लंडसारखाच बेत! पण १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजी अंथरुणात मृत आढळले आणि अप्पासाहेब स्वतःच राजे झाले. या रिजन्सीत विनोदाला जागा नव्हती, प्रेमाला तर नाहीच. तेव्हा वाचकहो, आपण तेथून काढता पाय घ्यावा आणि पंधराशे वर्षे मागे जावे, हेच बरे. मात्र एक खूण ध्यानात ठेवावी. विदर्भाचे दोन तुकडे करणारी ती वर्धा नदी आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

‘मालविकाग्निमित्र’ हे कालिदासाचे नाटक ‘शाकुंतला’च्या छायेत झाकून गेले. विल्सनसारख्या युरोपीय पंडिताला तर ते कालिदासाचे आहे असेच वाटेना. पुढे जर्मन पंडित वेबर याने १८५६ साली त्याचे भाषांतर करून कालिदासाचा हक्क शाबूत केला आणि आपल्या शंकर पांडुरंग पंडितांनी १८६९ साली मुंबईत त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. एवढ्या थोर मंडळींनी ज्याच्यासाठी लेखण्या झिजविल्या, त्या नाटकाचा विषय काय? एक प्रौढ राजा अंतःपुरातील एका दासीच्या प्रेमात पडतो आणि दोन राण्यांच्या पहाऱ्यातून तिला भेटण्यासाठी नाना लटपटी करतो.

नाटकाची पार्श्वभूमी इतिहासाची आहे. इ. स. पूर्व १८५ च्या सुमारास पुष्यमित्र शुंग या सेनापतीने आपला धनी, शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ, याला मारून राज्य घेतले. नाटकातला पुष्यमित्र राज्य हाती आल्यावरही स्वतःला सेनापतीच म्हणवितो, आणि त्याचा मुलगा अग्निमित्र भोपाळपलीकडच्या विदिशेत राजा म्हणून नांदतो. बाप जिवंत आणि लढाईत गुंतलेला, मुलगा त्याच्या छत्राखाली राज्य करणारा. रिकाम्या वेळाची कमतरता नाही. रिजन्सी कथेला आणखी काय हवे?

तिकडे विदर्भात यज्ञसेन नावाचा राजा नुकताच गादीवर बसलेला. त्याचा चुलतभाऊ माधवसेन हा अग्निमित्राच्या पक्षाचा. आपली धाकटी बहीण अग्निमित्राला द्यावी म्हणून तो विदिशेकडे निघाला, तो वाटेत यज्ञसेनाच्या माणसांनी त्याला पकडले. त्या धामधुमीत बहीण नाहीशी झाली. तीच मालविका. रानात लुटारूंनी तांड्यावर घाला घातला, तिला घेऊन निघालेला मंत्री मारला गेला, आणि मुलगी हातोहात फिरत नर्मदेकाठच्या सरहद्दीवरील किल्लेदाराकडे, वीरसेनाकडे पोहोचली. हा वीरसेन पट्टराणी धारिणीचा भाऊ. मुलगी कलांत हुशार दिसते, असे पाहून त्याने तिला बहिणीकडे भेट म्हणून पाठवून दिले. आपण आज मिठाईचा पुडा पाठवितो तशी!

येथे कालिदासाने सहज जाता जाता एक गोष्ट सांगितली आहे. वीरसेन हा राणीचा भाऊ खरा, पण वर्णाने तिच्यापेक्षा खालचा. म्हणजे बाप एक, आया दोन, आणि दुसरी आई खालच्या वर्णाची. त्याबद्दल कोणी नाक मुरडीत नाही, कोणी आश्चर्यही करीत नाही. एका दासीने नाट्याचार्य गणदासाला सांगितलेली घरातली साधी माहिती, एवढेच तिचे मोल. हा धागा आपण तूर्त गाठ मारून ठेवू.

राजाला ही मुलगी प्रथम दिसते ती चित्रात. राणीच्या चित्रात तिच्या शेजारी एक नवा चेहरा पाहून तो विचारतो, ही कोण? राणी ऐकले न ऐकलेसे करते. राजा पुन्हा विचारतो. एवढ्यात धाकटी राजकन्या वसुलक्ष्मी भाबडेपणाने सांगून टाकते, ‘ही मालविका!’ घरात लहान मूल असताना गुपित राखणे किती कठीण, हे राजवाड्यालाही चुकलेले नाही. त्या क्षणापासून राणी मालविकेला राजाच्या दृष्टीआड ठेवते.

मग राजाचा मित्र, विदूषक गौतम, कामाला लागतो. हा ब्राह्मण, पण खादाड, झोपाळू, आणि कोणत्याही मंत्र्यापेक्षा तरबेज कारस्थानी. राजवाड्यात दोन नाट्याचार्य आहेत, गणदास आणि हरदत्त. मालविका गणदासाची शिष्या. गौतम दोघांत अशी काडी टाकतो की दोघेही हमरीतुमरीवर येतात आणि थोर कोण हे ठरविण्यासाठी शिष्यांची परीक्षा घ्यावी, असे ठरते. राणीला सारे कळते. राज्यकारभारातही एवढी चतुराई दाखविली असती तर बरे झाले असते, अशा अर्थाचा टोमणाही ती राजाला मारते. पण आचार्यांच्या मानाचा प्रश्न आल्यावर तिचे चालत नाही. मालविका सर्वांसमक्ष नाचते. नाच संपून ती जाऊ लागते, तेव्हा राजाला तिला आणखी थोडा वेळ पाहता यावे म्हणून गौतम ओरडतो, ‘थांबा, एक चूक राहिली!’ सारे गंभीर होतात. शास्त्रातली कोणती चूक? तर प्रथम प्रयोगाच्या वेळी ब्राह्मणाची पूजा करावयास हवी होती, ती राहिली! मालविकेला हसू आवरत नाही आणि राजाला तेवढेच हवे असते. दुसऱ्या आचार्याची पाळी येते, तोच मध्यान्हीचा पुकारा होतो. गौतमाला भूक लागते, आणि हरदत्ताची परीक्षा पुढे ढकलली जाते. बिचारा हरदत्त! शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटी राहिलेल्या वर्गाचे दुःख ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याची कणव येईल.

पुढचा प्रसंग अशोकवृक्षाचा. सुंदर स्त्रीने पायाने स्पर्श केला म्हणजे अशोक फुलतो, असा जुना कविसंकेत आहे. बागेतला एक अशोक फुलत नव्हता. हे काम पट्टराणीचे, पण गौतमाच्या धांदरटपणामुळे ती झोपाळ्यावरून पडून पाय दुखावून बसलेली. म्हणून ती आपली नूपुरे देऊन मालविकेला पाठविते आणि पाच दिवसांत झाड फुलले तर तुझी इच्छा पुरी करीन, असे वचन देते. मालविकेची सखी बकुलावलिका तिच्या पायाला अळता लावते, नूपुरे बांधते. झाडाआड राजा आणि गौतम लपलेले. दुसऱ्या बाजूने धाकटी राणी इरावती येते, आणि तीही थोडी मद्य घेतलेली. व्हावयाचे ते होते. इरावती कमरेची मेखला काढून राजाला मारावयास धावते आणि पृथ्वीपती तिच्या पाया पडतो.

हा राजा कोवळा तरुण आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याचा मुलगा वसुमित्र त्याच सुमारास सिंधूच्या काठी यवनांच्या घोडदळाशी लढतो आहे. आजोबा अश्वमेध करीत आहेत, नातू घोडा राखतो आहे, आणि मधल्या पिढीचे हे गृहस्थ अशोकाच्या झाडाआड उभे आहेत. कालिदासाने हे कोठेही बोट दाखवून सांगितले नाही. त्याने फक्त दोन्ही बातम्या एकाच नाटकात ठेवल्या आहेत, आणि त्यातच सारे आले.

इरावतीच्या तक्रारीवरून मालविका आणि बकुलावलिका तळघरात कोंडल्या जातात. राणीची सर्पमुद्रेची अंगठी दाखविल्याखेरीज सोडू नये, असा हुकूम. मग गौतम केवड्याच्या काट्यांनी बोट टोचून घेतो आणि साप चावला म्हणून गडबडा लोळतो. राजवैद्य सांगतो, विष उतरविण्यासाठी सापाची आकृती असलेली एखादी वस्तू हवी. राणी घाबरून बोटातली अंगठी काढून देते, आणि तीच तळघराची किल्ली ठरते! पण पुढे दारावर पहारा करता करता गौतम झोपतो, झोपेत मालविकेचे नाव बरळतो, आणि इरावतीची दासी त्याच्या अंगावर वाकडी काठी टाकते. ‘साप, साप!’ म्हणून तो किंचाळतो आणि सगळे बिंग फुटते. खोट्या सापाने कमावलेले खोट्या सापानेच घालविले. शेवटी राजकन्या माकडाला भ्यायली अशी बातमी येते, आणि त्या माकडाच्या कृपेने महाराज त्या प्रसंगातून सुटतात.

इथपर्यंत प्रेक्षक पोट धरून हसतो. पण हसता हसता त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिलेला असतो. राजाचे मन दासीवर बसले. तिचेही त्याच्यावर आहे. कला तिच्याजवळ, विनय तिच्याजवळ, आणि अशोकही तिच्या पायाने फुलला. मग अडले कोठे? अडले ते एकाच ठिकाणी, की ती दासी आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी नाटक त्या प्रश्नाला बगल देते. विदर्भावर स्वारी होते, विजय मिळतो, आणि तिकडून भेट म्हणून आलेल्या दोन कलावती मुली मालविकेला पाहताच ‘राजकन्ये!’ म्हणून तिच्याकडे धावतात. वाड्यात राहणारी संन्यासिनी कौशिकी हीच मारल्या गेलेल्या मंत्र्याची बहीण निघते. तिला सारे ठाऊक होते. मग ती गप्प का राहिली? तर एका सिद्धाने सांगितले होते, की या मुलीला वर्षभर दासी व्हावे लागेल आणि मग योग्य पती मिळेल. भिंत ओलांडण्याची वेळ येताच कळते, की भिंत मुळी नव्हतीच! राजा आणि राजकन्या. धारिणी स्वतः तिचा हात राजाच्या हाती देते. आणि विदर्भाचे काय? त्याचे दोन भाग करून दोघा भावांना द्यावेत आणि वरदा नदी ही सीमा असावी, असा निकाल अग्निमित्र देतो. वरदा म्हणजे आपली वर्धा. देवगावच्या तहात ज्या नदीवर रेघ ओढली गेली, तीच ही नदी.

पण बकुलावलिकेचे काय झाले? तिने मालविकेच्या पायाला अळता लावला, निरोप पोहोचविले, तिच्याबरोबर तळघरात कोंडून घेतले. ती मात्र खरी दासी. तिला ओळखणारे विदर्भाहून कोणी येत नाही. नाटक संपते, प्रेक्षक घरी जातो, आणि तिच्या नशिबाची चौकशी कोणी करीत नाही.

इंग्रजी रिजन्सी कथांतही बहुधा हीच युक्ती असते. गरीब शिक्षिका म्हणून वावरणारी मुलगी शेवटी एखाद्या उमरावाची हरवलेली पुतणी निघते, नाहीतर तिला अवचित मोठी मिळकत मिळते. वाचकाला प्रेमाचा विजय झाल्याचे समाधान मिळते आणि उमरावांच्या पंगतीतले पाटही हलत नाहीत. जेन ऑस्टेनने निदान आपल्या एलिझाबेथला तशीच राहू दिली. पण तीही खानदानी घरचीच मुलगी होती, स्वयंपाकघरातली नव्हे.

मग प्रत्यक्ष इतिहासात काय घडत होते? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आपल्याला फार लांब जावे लागत नाही. ते आमच्या वाशिमच्या आसपासच पुरलेले आहे. आज वाशिम म्हटले की लोकांना बालाजीचे देऊळ आठवते; १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा आठवतो. पण या गावाचे जुने नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात वाकाटक राजघराण्याची एक शाखा सर्वसेन राजाने येथे स्थापन केली. हा राजा स्वतः कवी होता. त्याने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य लिहिले होते; रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणल्याची ती कथा. काव्य आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धन, भोज, हेमचंद्र यांच्यासारख्या पंडितांनी त्याची आठवण जागती ठेवली. म्हणजे रुसवे काढणाऱ्या नवऱ्यांची चेष्टा वाशिमकरांना नवी नाही.

१९३९ साली वाशिमला सर्वसेनाच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा, ताम्रपट सापडला. त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले हे दानपत्र. त्यात राजाच्या वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. आता पुन्हा नाटकाकडे पाहा. तेथे राजा संस्कृत बोलतो, आणि दासी प्राकृत. पण पट्टराणी धारिणीही प्राकृतच बोलते, आणि ब्राह्मण असूनही विदूषकाच्या तोंडी प्राकृतच आहे. स्त्रियांत संस्कृत बोलते ती एकटी संन्यासिनी कौशिकी. म्हणजे राणी आणि दासी एका भाषेच्या, आणि नवरा-बायको दोन भाषांचे! मालविका राजकन्या ठरल्यावरही तिची भाषा बदलत नाही. वरचे आणि खालचे यांच्यातली रेघ आपण समजतो तितकी सरळ कधीच नव्हती. ती घराघरातून वाकडीतिकडी जात होती.

वत्सगुल्माच्या राजांत पाचव्या शतकाच्या मध्यावर देवसेन नावाचा राजा झाला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेख सांगतो, की त्याने राज्याचा भार हस्तिभोज नावाच्या मंत्र्यावर सोपविला आणि आपण सुखोपभोगात रमला. ही आमची वाशिमची रिजन्सी! राजा मौजेत, कारभार मंत्र्याच्या हाती. आणि कामे अडून राहिली नाहीत, हे विशेष. वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा येथे एक शिलालेख सापडला. शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८ मध्ये, देवसेनाच्या स्वामिल्लदेव नावाच्या सेवकाने ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधला, असे तो सांगतो. राजाच्या चैनीची आठवण लेण्यात राहिली आणि सेवकाच्या श्रमाची तलावाच्या काठी.

पण आपल्याला हवा तो खरा दुवा हस्तिभोजाच्या घराण्यात आहे. त्याचा मुलगा वराहदेव हा हरिषेण राजाचा मंत्री. अजिंठ्याचे सोळावे लेणे त्यानेच कोरविले, आणि अजिंठ्याजवळच्या घटोत्कच लेण्यात त्याने आपली वंशावळ लिहवून ठेवली. तीत तो सांगतो, की आमच्या कुळात सोम नावाचा विद्वान ब्राह्मण होऊन गेला. त्याच्या ब्राह्मण पत्नी होत्या आणि त्यांचे मुलगे वेदविद्येत निपुण झाले. पण सोमाने, श्रुती आणि स्मृती यांना धरूनच, एका क्षत्रिय मुलीशीही विवाह केला. तिच्या पोटी रवी नावाचा मुलगा झाला, आणि आमचा वंश त्या रवीचा.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. मंत्री आपल्या कुळाची थोरवी दगडात कोरून घेतो आहे. ‘आमची मूळ आई ब्राह्मणच होती’ असे त्याने लिहिले असते, तर कोण विचारणार होते? एखादा सिद्ध, एखादे भाकीत, एखादी हरवलेली राजकन्या घालून त्याला सारे नीटनेटके करता आले असते. त्याने तसे केले नाही. आम्ही दोन वर्णांच्या संबंधातून आलो, असे त्याने उजळ माथ्याने लिहिले. जे नाटककाराला रंगभूमीवर आणावेसे वाटले नाही, ते कारभाऱ्याने दगडावर कोरले. राणीच्या खालच्या वर्णाच्या भावाविषयी दासीने सहज बोलावे आणि मंत्र्याने आपल्या क्षत्रिय आजीविषयी सहज लिहावे, या दोन्ही गोष्टी एकमेकींना ओळख देतात. आपण गाठ मारून ठेवलेला धागा तो हाच.

वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतही असेच आहे. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता ही तेथील राजा दुसरा रुद्रसेन याची राणी. नवरा अकाली वारल्यावर तिने अल्पवयीन युवराज दिवाकरसेनाच्या नावाने राज्य चालविले, कमीत कमी तेरा वर्षे. वाकाटक हे विष्णुवृद्ध गोत्राचे ब्राह्मण म्हणवीत. पण ही बाई आपल्या ताम्रपटात माहेरच्या गुप्तांची वंशावळ देते आणि गोत्रही माहेरचे, धारण, असे लिहविते. सासरी राज्य करून माहेरचे नाव मिरविणारी ही राणी! आणि पुष्कळ अभ्यासक मानतात त्याप्रमाणे कालिदास याच काळातला असेल, तर कर्तबगार राण्या, त्यांच्यापुढे चाचरणारे राजे आणि मिश्र कुळे ही त्याला कल्पनेत शोधावी लागली नसतील.

पण इतिहासाला उगाच गुलाल लावू नये. त्या काळी ब्राह्मणाने क्षत्रिय मुलगी करणे शास्त्राला मान्य होते; क्षत्रियाने ब्राह्मण मुलगी करणे मान्य नव्हते. वरचा पुरुष खाली उतरू शके, खालचा पुरुष वर चढू शकत नसे. दार होते, पण एकाच बाजूने उघडणारे. शिवाय सोमाच्या त्या क्षत्रिय पत्नीचे नाव काय होते, हे आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. तिच्या मुलाचे नाव राहिले, नातवंडांची नावे राहिली. ती फक्त ‘क्षत्रिय कन्या’ राहिली. बकुलावलिकेला निदान नाव तरी आहे.

तरीही त्या अर्ध्या दाराने काय काय आत आले, ते पाहावे. सुमारे इ. स. ९०० च्या काळात राजशेखर हा कवी झाला. त्याचे पणजोबा अकालजलद यांना तो महाराष्ट्राचे भूषण म्हणून गौरवितो. यायावर कुळातल्या या पंडिताची पत्नी अवंतिसुंदरी ही चौहान घराण्यातली. पण ती ‘अमक्याची पत्नी’ म्हणून उरली नाही. राजशेखर आपल्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यशास्त्रातील तिची मते मोठ्या आचार्यांच्या बरोबरीने नोंदवितो. ‘कर्पूरमंजरी’ हे त्याचे हसरे प्राकृत नाटक तिच्याच इच्छेवरून रंगभूमीवर आले. नवऱ्याने बायकोचे मत मान्य करणे हे घरोघरी चालते. ते ग्रंथात तिच्या नावानिशी लिहिणारा नवरा विरळा.

आणि याच राजशेखराने आमच्या गावाला मोठे वैभव दिले आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष घर सोडून भटकू लागला. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरीने साहित्यविद्या नावाची मुलगी निर्माण केली आणि त्याच्या मागे धाडली. ती पूर्वेला गेली, पांचालात गेली, अवंतीला गेली, आणि देशोदेशी वेष, नृत्य, बोलणे बदलून त्याचे मन वळवू पाहू लागली. पण तो पुरता विरघळला तो विदर्भात. मदनाचे क्रीडास्थान असलेल्या वत्सगुल्म नगरात त्या दोघांनी गांधर्व विवाह केला. म्हणजे काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न लागले ते आमच्या वाशिमला. परस्परांच्या संमतीने, भटजीवाचून आणि पत्रिका न पाहता! या लग्नाचा मांडव कोणत्या आळीत पडला होता, यावर गावात अजून वाद कसा झाला नाही, याचे नवल वाटते.

त्यानंतर ते अर्धे दारही हळूहळू बंद होत गेले. घटोत्कच लेण्यातील मंत्र्याने जे मिरविले, ते पुढच्या शतकांत लपविण्याची गोष्ट झाली. आपल्या युगात ते पुन्हा उघडावयास कायद्याची कुऱ्हाड घ्यावी लागली. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी आंतरजातीय हिंदू विवाहांना मान्यता देणारे विधेयक मांडले, तेव्हा केवढे वादळ उठले! १९१९ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात तसा कायदा केला. १९३६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट सांगितले, की जातिभेदावर खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच. १९५४ साली विशेष विवाह कायदा झाला आणि दार दोन्ही बाजूंनी उघडता येईल अशी तरतूद झाली. तरतूद झाली, एवढेच. आजही एखाद्या घरातून असे लग्न ठरल्याची बातमी येते, तेव्हा हसणारे चेहरे गंभीर होतात, आणि मग सुरू होतो तो मालविकेचाच शोध. ‘मुलगी तशी चांगल्या घरची आहे हो!’ ‘त्यांचे मूळ पाहिले तर आपल्यातलेच निघतील!’ ‘मुलाचे आजोबा म्हणे मोठे इनामदार होते!’ आपल्याला अजूनही संन्यासिनी कौशिकी लागते. तिने पुढे होऊन ‘ही दासी नव्हे, राजकन्या आहे’ असे सांगितले, म्हणजे मग आपण अक्षता टाकावयास मोकळे.

कालिदासाला दोष देण्याचे कारण नाही. त्याने दीडेक हजार वर्षांपूर्वी राजाला दासीपुढे अवघडून उभे केले, आणि प्रेक्षकाला मनोमन ‘होऊ द्या की लग्न!’ असे म्हणावयास लावले, हेच पुष्कळ. हसऱ्या नाटकाचे सामर्थ्य एवढेच आणि इतके मोठे. माणूस हसतो तेव्हा त्याचा पहारा क्षणभर ढिला पडतो, खोट्या सापाला भ्यालेल्या राणीच्या हातून अंगठी सुटावी तसा. तेवढ्या क्षणात जे मनात शिरते, ते नंतर हुकूम सोडूनही बाहेर काढता येत नाही.

तेव्हा या दिवाळीत लाडू खाता खाता घरातील मुलांना मालविकेची गोष्ट अवश्य सांगावी. विदूषकाचा साप सांगावा, माकड सांगावे, झाडाआडचा राजा सांगावा. ती खदखदून हसतील. मग एखादी चौकस नात हमखास विचारील, ‘आणि ती खरोखरच दासी असती तर?’ त्या वेळी ‘झोप आता, उशीर झाला’ असे म्हणू नये. घटोत्कच लेण्यातल्या वाशिमच्या मंत्र्याचे नाव तिला सांगावे, आणि पुढचे बोलणे तिच्यावर सोपवावे.